सोडवणारा आप्तच हवा

मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला हा सगळा कापसाचा पट्टा. गहाण म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सावकाराकडे अडकलेलं शेत सोडवायचं तर पैसा लागतो आणि पैसा घेऊन धावून येणारं आपलं माणूसही लागतं. ख्रिस्ती धर्मातलं तारण मला याच वाटेनं उमगलं. त्यासाठी बायबलमधला लेवीयचा पंचविसावा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे.

जमीन देवाची, माणूस तिथे पाहुणा, असं हा अध्याय बजावतो. जमीन कायमची विकायची नाही. दर पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत जायची आणि इस्राएली दास मोकळे व्हायचे. मधल्या काळात सौदा झालाच, तर किंमत ठरायची पुढे किती पिकं निघतील त्यावरून! गरिबीनं जमीन विकली गेली, तर जवळच्या नातलगानं ती सोडवायची.

हाच कायदा रूथच्या गोष्टीत जिवंत होतो. बेथलेहेमच्या वेशीत दहा वडीलधारी बसलेले. अधिक जवळचा नातलग आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून माघार घेतो, पायातला जोडा काढून हक्क सोडतो. बवाज मात्र शेतही सोडवतो आणि परक्या मवाबातून आलेल्या विधवा रूथशी लग्नही करतो. त्यांच्या मुलाचा नातू म्हणजे दावीद राजा, आणि त्याच वंशात येशू.

सोडवणारा नात्याचा हवा, त्याच्यात ऐपत हवी आणि त्याची तयारी हवी. देवानं माणूस का व्हावं, याचं उत्तर मला या पहिल्या अटीत सापडतं. नातं जोडल्याशिवाय सोडवणूक नाही.

तारणाच्या विचाराचा पुढचा इतिहास थोडक्यात. येशूनं आपला प्राण खंडणी म्हणून दिला, पण कुणाला? आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांपैकी ऑरिजेननं सैतानाचं नाव घेतलं. नाझियान्झसच्या ग्रेगरीनं ते नाकारलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मनं देवाच्या दुखावलेल्या मानाची भरपाई मांडली, अबेलार्डनं प्रेमावर भर दिला, तर धर्मसुधारकांनी शिक्षेवर. माझ्या मते हे वाद पावतीवरचं नाव शोधत बसले आणि सोडवायला आलेला आप्त मागे राहिला.

आपल्याकडे तो विसरला गेला नाही. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली अमेरिकेत सुरू केलेल्या अलायन्स या ख्रिस्ती चळवळीचे मिशनरी वऱ्हाडात आले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात अकोला-खामगावला त्यांनी अनाथ मुलं सांभाळली. पण माझं मन ओढ घेतं ते केडगावकडे. तिथलं पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन पाहताना मला त्यांच्यात बवाज दिसला. ऐन तारुण्यात दुष्काळानं त्यांचे आईवडील आणि बहीण हिरावली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तारणाची आतली खात्री त्यांना कित्येक वर्षांनी लाभली. ती कमावता येत नाही, कृपेनं मिळते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा उपाशी मुलींना त्यांनी घर, शाळा आणि काम दिलं. भुकेचं नातं त्यांच्याकडे आधीपासून होतं.

म्हणून तारण म्हणजे नुसती मरणानंतरची सोय, हे मला पटत नाही. पौलाच्या पत्रांत ते झालेलं आहे, होत आहे आणि व्हायचंही आहे. त्यातलं ‘होत आहे’ हे आपल्या वाट्याचं काम आहे. ज्याला सोडवलं गेलं, त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी आप्त व्हावं.