फॉरमॅट करू का? नको, थांब!

सेव्हच्या बटणावर चौकोनी चित्र दिसतं ना? आज त्या वस्तूबद्दल बोलू. फ्लॉपी.

प्रोजेक्टसाठी मी काही महिने जर्मनीत होतो. तिथला एक सहकारी एकदा वडिलांच्या फ्लॉप्यांचा डबा घेऊन आला. वडील आता नाहीत. फ्लॉप्या साडेतीन इंची, काही अमिगाच्या, काही अटारी एसटीच्या. मी यूएसबी ड्राइव्ह मागवला, अमिगाची एक फ्लॉपी सरकवली. लॅपटॉप म्हणतो, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? माझं बोट 'हो'वर गेलं होतं. खरंच!

फ्लॉपी कोरी नव्हतीच. ड्राइव्हला ती वाचता येत नव्हती, एवढंच.

अमिगा आणि एसटी, दोघेही 1985 चे, एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. प्लास्टिक तेच, आतली चकती तीच. लिहायची पद्धत वेगळी. पीसी अशा फ्लॉपीच्या दोन्ही बाजू मिळून 160 ट्रॅक करतो, प्रत्येकावर 512 बाइटचे 9 सेक्टर. झाले 720 केबी. दोन सेक्टरांमध्ये तो मोकळी जागा सोडतो, कारण त्याला एखादाच सेक्टर बदलायचा असतो आणि मोटर थोडी मागेपुढे झाली तर शेजारच्यावर लिहिलं जाईल. अमिगा अख्खा ट्रॅक मेमरीत घेतो, तिथे बदल करतो आणि अख्खा परत लिहितो. मग मधल्या जागेची गरजच काय? लोकलमध्ये चौथी सीट काढतात ना, तसे त्याने 11 सेक्टर बसवले. 880 केबी!

पण पीसीच्या कंट्रोलर चिपला प्रत्येक सेक्टरच्या सुरुवातीला ठराविक खूण लागते. अमिगाची खूण वेगळी, म्हणून चिपला काहीच सापडत नाही. इथे ड्रायव्हर अपडेट करून भागत नाही, चिपच तशी आहे. उलट अमिगात अर्थ लावायचं काम सॉफ्टवेअरकडे, त्यामुळे क्रॉसडॉस टाकलं की तो पीसीची फ्लॉपी आरामात वाचतो.

एसटीचं दुखणं त्यामानाने किरकोळ. सेक्टर पीसीसारखेच, पण जुन्या एसटीवर फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधले सुरुवातीचे बाइट पीसीला पटायचे नाहीत. टॉस 1.04 मध्ये ते सुधारलं. त्याआधी लोक फ्लॉपी पीसीवर फॉरमॅट करून मग एसटीत घालायचे. जुगाड तिकडेही होताच!

शेवटी मी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड आणला आणि त्याला जुन्या पीसीतला ड्राइव्ह जोडला. हा बोर्ड सेक्टर शोधत बसत नाही. चुंबकीय बदल किती वेळाने होतात, तेवढंच नोंदवतो, अर्थ नंतर लॅपटॉपवर लावायचा. अमिगाच्या फ्लॉपीत पत्रं निघाली. सहकारी वाचता वाचता हसला, मग गप्प झाला. मी कॉफी आणायला गेलो.

तुमच्याकडे असा डबा निघाला, तर आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारकी पट्टी सरकवा. भोक आरपार दिसलं की लिहिणं बंद, चुकून 'हो' दाबलंत तरी. आणि चकतीवर बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडला घाण लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. आमच्या डब्यात अशा तीन आहेत, अजून तशाच ठेवल्यात.