आपल्या राउटरचं दार कोण वाजवतंय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार.

आमचं घर खेडमध्ये. जुलै २०२१ मध्ये जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी पुण्यात होतो आणि आई-बाबांचा फोन लागत नव्हता. नंतर मी गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून एक कॅमेरा बसवला. पाणी कुठवर आलंय ते मोबाइलवर दिसावं, म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून ५५४ नंबरचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवला. बीटेक करून हा शहाणपणा!

गेल्या महिन्यात राउटरचा लॉग बघितला. रात्रभर कुणी ना कुणी २२, २३, ५५४, ३३८९ असे पोर्ट ठोठावत होतं. पोर्ट म्हणजे घराची दारं, फक्त इथे ती ६५,५३५ आहेत. कुठलं उघडं आहे ते चाचपून बघणं म्हणजे पोर्ट स्कॅन. बाबांनी विचारलं, "कोण रे तो?" म्हटलं, शोधूया.

लॉगमध्ये समोरच्याचा आयपी पत्ता आणि वेळ असते. हा पत्ता बहुतेकदा खरा असतो, कारण उत्तर परत मिळालं नाही तर स्कॅन करणाऱ्याला काहीच कळणार नाही. (एनमॅपमध्ये खोटे पत्ते मिसळायची सोय आहे, पण त्या गर्दीत एक खरा लागतोच.) तो पत्ता 'हूइज'मध्ये टाकला की कुठल्या कंपनीच्या नावावर आहे ते कळतं. आपला भाग एपीनिककडे येतो, आणि भारतातले पत्ते आयरिनकडेही नोंदवता येतात. मात्र नकाशावर दाखवतात त्या शहरावर विसंबू नका. माझं खेडचं कनेक्शन तिथे मुंबईत दिसतं!

मी तीन पत्ते तपासले. पहिल्याचं रिव्हर्स डीएनएस काढलं तर सेन्सिसचं नाव आलं. ही कंपनी सगळं इंटरनेट उघडपणे स्कॅन करते. यात नवल नाही. मिशिगन विद्यापीठाचं झेडमॅप २०१३ मध्ये आलं, तेव्हाच अख्खं आयपीव्ही४ पाऊण तासाच्या आत पालथं घालता येत होतं.

दुसरा पत्ता भारतातल्याच एका घरगुती ब्रॉडबँडचा निघाला, आणि तो फक्त २३ नंबरच ठोठावत होता. २०१६ मध्ये मिराईने असंच केलं होतं: कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर पकडायचे आणि त्यांनाच पुढची दारं ठोठवायला लावायचं. म्हणजे हा 'चोर' बहुधा कुणाच्या तरी भिंतीवरचा बिचारा कॅमेरा असणार. म्हणून उलट स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका. शिवाय सीजीनॅटमुळे एका पत्त्यामागे कितीतरी घरं असू शकतात. त्या मिनिटाला त्यातलं कोणतं, ते फक्त इंटरनेट कंपनीला माहीत असतं, आणि ती ते तुम्हाला-मला सांगत नाही. ते पोलिसांनीच मागायचं.

तिसरा होता भाड्याचा क्लाउड सर्व्हर. हूइजमध्ये तक्रारीसाठी ईमेल असतो. त्यावर लॉगच्या ओळी, पोर्ट नंबर आणि टाइमझोनसकट वेळ पाठवली. टाइमझोन विसरलात तर साडेपाच तासांच्या फरकाने भलताच भाडेकरू पकडला जाईल. सर्ट-इनलाही कळवता येतं. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार महत्त्वाच्या यंत्रणांवर कुणी नेमकं स्कॅनिंग केलं, तर संस्थांनी ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे.

पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला, असं मोठ्या प्रकरणांतही होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, आठवतंय? १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय असल्याचं सांगितलं. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. कुणी आत डोकावलं आणि त्यामुळेच दिवे गेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध करणं फार अवघड.

चौथ्या दिवशी त्या क्लाउडवाल्यांचं छापील उत्तर आलं: ग्राहकावर कारवाई केली. कोण ग्राहक, ते नाही. तो पत्ता शांत झाला, बाकीचे चालूच आहेत. मी पोर्ट फॉरवर्डिंग बंद केलं, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला आणि आता वायरगार्ड व्हीपीएनमधून बघतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. "म्हणजे माणूस नाहीच सापडला?"

"नाही."

"बरं. पाणी दिसतंय ना पण?"

दिसतंय.