निखाऱ्यावर फक्त कणसंच का?

उन्हाळ्यात ग्रिल किंवा कोळशाची शेगडी पेटली की पनीर, चिकन आणि कणसं यांच्यापुढे आपण सहसा जात नाही. पण त्याच निखाऱ्यांवर हे चार पदार्थ अफलातून होतात!

🍍 अननस : बोटभर जाडीच्या चकत्या दोन्ही बाजूंनी भाजा. साखर भाजून खमंग होते. जीभ चुरचुरवणारं ब्रोमेलिन उष्णतेने निकामी होत असल्याने त्रासही कमी. वर तिखट-मीठ भुरभुरवा.

🍉 कलिंगड : ९० टक्क्यांहून जास्त पाणीच! म्हणून फोड जाड, आच कडक. आधी कापडाने टिपून घ्या, नाहीतर भाजण्याऐवजी नुसती वाफवली जाते. जाळीचे पट्टे उमटले की लगेच उतरवा.

🧀 हलूमी : सायप्रसचं चीज. बनवतानाच ते कढत निवळीत शिजवतात, म्हणून जाळीवर वितळून सांडत नाही. बाहेरून खरपूस, आतून मऊ. खारट असतं, वरून मीठ नको.

🥭 कैरी : अख्खी, सालासकट निखाऱ्यांवर. साल काळी पडून कैरी दाबल्यावर मऊ लागेपर्यंत फिरवत राहा. गरात गूळ, वेलची, मीठ घालून पन्हं करा. त्याला येणारा धुरकट स्वाद उकडलेल्या कैरीला येणं शक्यच नाही!

✅ कोळशावर पांढरी राख धरल्यावरच भाजायला घ्या. ज्वाळेवर पदार्थ बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. जाळी आधी चांगली तापवा, मग तेलाचा हात फिरवा. शेगडी मोकळ्या हवेतच पेटवा.

तुम्ही निखाऱ्यावर आणखी काय भाजता? जरूर सांगा!