घरातल्या घरात चित्रप्रवाह

समजा गोरेगावातील (जि. हिंगोली) एखाद्या घरी इंटरनेट बंद पडले. संगणकावर साठवलेला धडा शेजारच्या खोलीतील मोबाइलवर दिसेल काय? अवश्य! राउटर घरातल्या घरात संदेश पोहोचवतो; त्याला फक्त वीज हवी. चित्रफितीचे तुकडे ओळीने येतात आणि येतील तसे दिसू लागतात. सेकंदाला १० लाख बिट धरल्यास १० मिनिटांचा धडा ६० कोटी बिटांचा, म्हणजे साडेसात कोटी बाइटांचा होतो.

व्हीएलसी ही आज्ञावली हे काम करते. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये महाविद्यालयाच्या संगणकजालावर चित्रफिती दाखवण्यासाठी तो प्रकल्प आरंभला. २००१ मध्ये त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला झाला. म्हणून ती विनामूल्य मिळते आणि कोणालाही तपासता, सुधारता येते.

मुंबईच्या आयआयटीचे मराठी ‘स्पोकन ट्युटोरियल’ धडे एकदा उतरवून घ्या. मग साऱ्या वर्गाला दाखवा!