शेजाऱ्याच्या गाण्याची झील

जुलै संपत आला की घाटकोपर-मुलुंडच्या शाळांमधून पेटीचा आवाज येऊ लागतो. पंधरा ऑगस्टची समूहगीतं बसवायची असतात. कार्यक्रमाचं नाव बहुधा ‘विविधतेत एकता’. नऊवारी, लुंगी, घागरा भाड्याने येतात आणि गाणं मात्र सगळ्यांचं मिळून एकच, हिंदी. कपड्यांतली विविधता गळ्यापर्यंत पोचतच नाही.

खरी मजा उच्चारात असते. ‘चांदोबा’ म्हणताना गुजराती घरातलं मूल ‘चिमणी’तला च लावतं, आपला दंत्य च त्याच्या कानावर पडलेलाच नसतो. ‘ळ’ मात्र त्याला सहज जमतो, कारण तो गुजरातीतही आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलाचा ‘ळ’ला ‘ल’ होतो. मग बाजूची मल्याळी मुलगी त्याला जीभ कुठे वळवायची ते दाखवते. आणि तिच्या भाषेतलं गाणं आलं की आपल्या मराठी मुलांची भंबेरी उडते! एका ओळीवर अर्धा तास जातो. तो फुकट गेला असं वाटत असेल, तर समूहगीत न बसवलेलंच बरं.

1988च्या पंधरा ऑगस्टला दूरदर्शनवर आलेलं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ सगळ्यांना आठवतं. चौदा भाषांतल्या त्या गाण्याच्या संगीतात आपल्या अशोक पत्कींचा मोठा वाटा. पण त्यात ज्याची त्याची भाषा ज्याच्या त्याच्या तोंडी होती. मुलांच्या वृंदाने याच्या पुढे जायला हवं: तमिळ ओळ कोळ्याच्या पोराने गायची, कोळीगीत तमिळ मुलीने. साने गुरुजींनी ‘आंतरभारती’ म्हणून जे स्वप्न पाहिलं, ते प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकण्याचंच होतं. चेन्नईचे संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनीही मुलांना नाना भाषांतली गाणी एकत्र गायला शिकवण्यासाठी देशभर पायपीट केली.

आता सुरांचं. आपली सामूहिक गायकी झील धरण्याची आहे. शाहीर ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात. भजनात बुवा आणि टाळकरी. सगळे एकाच सुरात. पाश्चात्त्य कॉयरमध्ये एकाच वेळी वेगवेगळे सूर चालतात. संगीतकार सलील चौधरींनी 1950च्या दशकात बॉम्बे यूथ कॉयर उभा केला तो आपल्या गाण्यांना हा साज चढवायला. शाळेला एवढ्या मोठ्या तयारीची गरज नाही. निम्म्या मुलांनी तानपुऱ्यासारखा नुसता षड्ज धरावा, उरलेल्यांनी गावं. नाहीतर भूप रागातली चाल घ्यावी आणि दुसऱ्या गटाने तीच चाल एक ओळ उशिरा सुरू करावी. भूपात मध्यम आणि निषाद नसल्याने सूर एकमेकांवर फारसे आदळत नाहीत. पट्टी तेवढी मुलांच्या गळ्याची हवी. मास्तर स्वतःच्या सोयीची धरतात, मग खालचे सूर विरतात आणि वरचे किंचाळतात. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय मुलांना आधी घरच्या भाषेतली लोकगीतं शिकवा म्हणत, आणि त्यांचा ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच हवा तिथे सरकतो.

घरच्या गाण्यांची उपनगरात वाण नाही. बोरिवली-मरोळकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला घुमट या वाद्यावर मराठी बोलीतली गाणी म्हणतात. अनेक शिक्षकांना ती मराठी आहेत हेच ठाऊक नसतं. कच्छी आजीचं हालरडं म्हणजे अंगाई, उत्तर भारतीय आईची कजरी, कोकणातल्या मामीच्या फुगडीची गाणी, सगळं एकाच इमारतीत सापडतं.

शिक्षकांनो, यंदा गाण्याचं पुस्तक उघडण्याआधी वर्गाला एक गृहपाठ द्या: घरात आजी काय गुणगुणते, ते ऐकून या. आणि तिच्या फोनवर नाही, तिच्या तोंडून.