तेराशे वर्षांची पेढी

जपानच्या यामानाशी प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, ‘निशियामा ओन्सेन केइउनकान’ हे विश्रांतिगृह इ. स. 705 पासून प्रवाशांचे आतिथ्य करीत आले आहे. जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. आणि पारंपरिक जपानी विश्रांतिगृह म्हणजे र्‍योकान. अशा घरी पाहुणा केवळ रात्र काढण्यासाठी जात नाही. त्या घराची शिस्तही तो काही काळ आपलीशी करतो.

पादत्राणे उंबरठ्याशीच उतरवायची. खोलीत गवती चटया, ठेंगणे मेज आणि रात्री जमिनीवर अंथरली जाणारी गादी. स्नानाचा नियम तर काटेकोर : आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक कुंडात उतरायचे, कारण ते पाणी सर्वांचे. स्त्री-पुरुषांची कुंडे बहुधा वेगळी असतात; तरी स्नान विवस्त्र असते. संकोच वाटणाऱ्या कुटुंबाने स्वतंत्र कुंडाची सोय आहे काय, हे आधीच विचारावे.

जैन प्रवाशाची खरी कसोटी भोजनाची. सायंभोजन सहाच्या सुमारास वाढले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वी जेवणे साधते, हिवाळ्यात मात्र दिवस पाचच्या आतच मावळतो. शिवाय वरकरणी शाकाहारी दिसणाऱ्या सारातही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. कोयासान पर्वतावरील बौद्ध मंदिरांच्या अतिथिगृहांत मात्र मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही; सार समुद्री शेवाळ आणि अळिंब्यांचे. तेथेही मुळा-गाजरासारखी कंदमुळे असतातच. म्हणून आपले नियम आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट कळवावेत. ऐन वेळी सांगितल्यास यजमानही अडचणीत येतो.

आता पेढीविषयी. केइउनकानचा कारभार एकाच घराण्याच्या 52 पिढ्यांनी सांभाळला. त्यांत सारेच पोटचे पुत्र नव्हते. पुत्र नसेल किंवा तो लायक नसेल, तर कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन त्याच्या हाती व्यवसाय सोपविण्याची रीत जपानी व्यापारी घराण्यांत जुनी आहे. पुढे घरातील कोणीच ही धुरा घेण्यास तयार होईना, तेव्हा 2017 साली घराण्याने कारभार तेथेच वर्षानुवर्षे सेवा केलेल्या एका सहकाऱ्याकडे सोपविला. रक्ताचे नाते तेथे थांबले. पाहुण्याच्या स्वागताची रीत थांबली नाही.

ज्यांच्या घरी मुले शिकून दूरदेशी स्थिरावली आहेत आणि दुकानाच्या किल्ल्या अजून वडिलांच्याच कमरेला आहेत, त्यांना हा निर्णय किती जड गेला असेल, हे सांगावे लागणार नाही. पेढी टिकावी म्हणून त्या घराण्याने पिढीचा आग्रह सोडला. झरा मात्र वाहतोच आहे, आणि पाहुणा आजही आधी अंग धुऊनच त्यात उतरतो.