अहवाल 1 निरंक झाला का?

2017-18 च्या सुमारास महसूल खात्यात असलेल्या कुणाही पटवाऱ्याला हा प्रश्न विचारून पाहा. आधी तो हसेल, मग एखादी शिवी हासडेल, आणि मग चहा मागवून बोलायला बसेल.

अहवाल 1 ही संगणकाने काढलेली एक यादी होती. ज्या सातबाऱ्यावर गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, असे सगळे गट त्या यादीत यायचे. यादी रिकामी झाली की ती ‘निरंक’. सकाळी मंडळ अधिकारी विचारायचे, दुपारी तहसीलचा फोन यायचा, संध्याकाळी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये जिल्हा विचारायचा. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास, आणि प्रत्येकाची बेरीज जुळली पाहिजे असा हुकूम.

मी आसगावचा. पवनी तालुक्यातलं, चौरास पट्ट्यातलं हे गाव. धान, मिरची, भाजीपाला आणि पाण्याची बऱ्यापैकी सोय. नोकरी पटवाऱ्याची केली. सरकारी कागदावर आम्ही तलाठी होतो, आता तर ग्राम महसूल अधिकारी झालो, पण आमच्या झाडीपट्टीत पटवारी तो पटवारीच. नोकरीत निरनिराळे सजे पाहिले. ते कोणते, हे सांगत नाही, कारण पुढच्या किश्श्यांतली काही माणसं अजून खुर्चीवर आहेत.

बेरीज का जुळत नव्हती, हे आधी सांगतो. आमच्याकडे जुनं मोजमाप एकर-डिसमिलचं. पुढे त्याचं हेक्टर-आर झालं. पाच एकरांचा एक गट घ्या, तिघा भावांचा. गटाचं क्षेत्र झालं 2.02 हेक्टर. प्रत्येक भावाच्या वाट्याला 1 एकर 67 डिसमिल, म्हणजे 0.68 हेक्टर. तिघांची बेरीज 2.04. दोन आर जास्त. 200 चौरस मीटर जमीन कागदावर आहे आणि बांधीत कुठेच नाही! हस्तलिखित सातबाऱ्याने ही जमीन वर्षानुवर्षं सांभाळली, कुणाच्या पोटात दुखलं नाही. भावांना आपापला धुरा ठाऊक होता. संगणकाला तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यात ज्यांनी आधी हा डेटा टंकला, ती कंत्राटावरची पोरं. पटवाऱ्याचं अक्षर, त्यावर लाल शाई, कमी केलेल्या नावाला कंस, मध्येच पेन्सिलची खूण. 0.40 चे 4.00 झाले, कंसातली माणसं परत मालक झाली आणि जिवंत माणसं कंसात गेली.

वरून हुकूम आला की ही सगळी दुरुस्ती पटवाऱ्याने करायची. दुरुस्तीची ‘एडिट’ नावाची फेरी झाली, मग ‘री-एडिट’ आली. दिवसा सर्व्हर असा चालायचा की एक सातबारा उघडेपर्यंत कोतवाल चहा घेऊन यायचा, आम्ही पिऊन मोकळे व्हायचो, तरी पडद्यावर ते चाक फिरतच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रात्री सर्व्हर मोकळा असतो. झालं, जिल्ह्यातले पटवारी रात्रपाळीला लागले. मध्यरात्रीनंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच शब्द यायचे, ‘सर्व्हर आला’, आणि भराभर अंगठे उमटायचे. आमची सौभाग्यवती एकदा म्हणाली, “या सर्व्हरले झोप येत नाही का जी?” लॅपटॉप कित्येकांचे स्वतःच्या पैशाचे, इंटरनेटचा खर्चही खिशातला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, त्या दोन साहेबांकडे येतो.

पहिले साहेब आकड्यांचे. त्यांच्या तक्त्यात सजे लाल, पिवळे, हिरवे असत. लाल सज्याच्या पटवाऱ्याला कॉन्फरन्समध्ये उभं करत. “किती टक्के?” एवढाच प्रश्न. अडचण सांगायला तोंड उघडलं की, “मला कारणं नकोत.” मग पटवाऱ्यांनी त्यांना कारणं देणं बंद केलं आणि टक्के दिले. ते कसे, ते ऐका. वर सांगितलेल्या तीन भावांपैकी एक पुण्याला कंपनीत असतो. तो काही सातबारा पाहायला येत नाही. त्याच्या नावासमोर 0.68 चे 0.66 केले की बेरीज 2.02, अहवाल निरंक आणि सजा हिरवा. एका रात्रीत असे कितीतरी गट ‘जुळले’. साहेबांचं अभिनंदन झालं. पुण्याच्या भावाचे दोन आर गेले हे त्याला कळलं, तेव्हा साहेब बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते आणि शिव्या खायला पटवारी जागेवर होता. हे करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ज्याने फक्त टक्के मागितले, त्याला फक्त टक्केच मिळणार होते.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. तहसीलदार म्हणून बहुधा पहिलीच नेमणूक. पहिल्याच बैठकीत आम्ही सवयीने टक्केवारी घेऊन उभे राहिलो. त्यांनी कागद बाजूला सारला. “निरंक नंतर बघू. मला एक अडलेला गट दाखवा.” कुणी पुढे येईना, कारण अडलेला गट दाखवणं म्हणजे आपली चूक दाखवणं, असा आमचा अनुभव. शेवटी एका म्हाताऱ्या पटवाऱ्याने बस्ता सोडला. मॅडमनी जुना सातबारा, फेरफाराची नोंद आणि संगणकाची प्रत शेजारी शेजारी ठेवून तो गट स्वतः सोडवायला घेतला. दुपार गेली. एकच गट सुटला. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “हे काम तुमच्या एकट्याच्या अधिकारातलं नाहीच. तुम्ही आजवर केलंत कसं?”

खरी गोम इथेच होती. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातला फरक ही लेखनातली चूक. ती दुरुस्त करायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. आदेश म्हणजे सही, आणि सही म्हणजे पुढे चौकशी लागली तर उत्तर देणं. पुष्कळ साहेबांना संगणकीकरण हवं होतं, त्याखालची सही नको होती. “तुमच्या स्तरावर बघून घ्या” हे आमच्या खात्यातलं सर्वात धोकादायक वाक्य आहे. पटवारी ते ऐकतो, आणि आपल्या स्तरावर खरंच बघून घेतो.

मॅडम 155 चे आदेश काढू लागल्या. शनिवारी गावात येत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसत, खातेदारांना समोर बोलावत. प्रत्येक आदेशाला जुन्या फेरफाराचा क्रमांक जोडायचा, नसेल तर सही नाही. स्वतःची वेगळी नोंदवही ठेवली होती त्यांनी. आम्हाला ते तेव्हा जाच वाटे. पुढे राज्यात ठिकठिकाणी याच कलमाचा आडोसा घेऊन मालकी फिरवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा त्या वहीची किंमत कळली. आमच्या सज्यांचे टक्के मात्र बरेच दिवस लालच राहिले, आणि कॉन्फरन्समध्ये बोलणी मॅडम एकट्या खात होत्या. आमच्यापैकी एकाचंही नाव त्यांनी वर सांगितलं नाही.

त्याच काळात चावडी वाचन झालं. संगणकावरचा सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, चूक असेल तर लोकांनी तिथल्या तिथे सांगायची, अशी ती मोहीम. कल्पना वरूनच आली होती आणि उत्तम होती, हे मान्य करायला हवं. एका गावात मी वाचत होतो. एका गटावर दोन भावांची नावं वाचली. दोघे समोर बसलेले, माना हलवल्या. पुढचा गट घेणार, तोच दाराशी उभा असलेला कोतवाल बोलला, “पटवारीसाहेब, याहीची बहीण आहे ना जी एक? तिचं नाव कुठं गेलं?”

सभागृह गप्प. मोठा भाऊ म्हणाला, “कॉम्प्युटरमध्ये नाही तं नाही.” बस्त्यातली जुनी प्रत काढली. वडिलांच्या वारस नोंदीत तिघांची नावं होती, बहिणीचं धरून. टंकताना एक ओळ गळाली होती आणि ती गळाली हे सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात आलं असणार, ते दोघे गप्प बसले होते. कोतवालाला ना लॅपटॉप, ना लॉगिन. त्याला कुणाच्या घरातून कुणाच्या लग्नाची बंडी कुठे वाजत गेली, एवढं पाठ होतं. सात दिवसांच्या आत मॅडमचा आदेश निघाला आणि बहिणीचं नाव परत चढलं. भाऊ मला पुढे बरीच वर्षं रामराम करत नसत.

शेजारच्या कर्नाटकाने हेच काम आमच्याआधी केलं. राजीव चावला नावाच्या आयएएस अधिकाऱ्याने ‘भूमी’ प्रकल्प उभा केला, हस्तलिखित उतारा बंदच केला आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील उतारा देणं सुरू केलं. तिथे गावच्या हिशेबनिसाच्या हातून उतारा काढून घेतला गेला. आपल्याकडे लेखणी गेली, पण तिच्या जागी पटवाऱ्याच्या हातात डीएससी आली, डिजिटल सहीचं ते छोटं डोंगल. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि भाषणांत सांगितलं गेलं की आता तलाठ्याकडे खेटे नकोत. पडद्यामागची गोष्ट अशी की त्या प्रत्येक सातबाऱ्यावरची सही पटवाऱ्याच्याच डोंगलची होती.

ते डोंगल किती जड आहे, हे ऑक्टोबर 2021 मध्ये राज्याला दिसलं. राज्यस्तरावरून एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तलाठी संघटनेच्या अध्यक्षांना उद्देशून काही असंसदीय शब्द लिहिले गेले. प्रकरण ग्रुपपुरतं राहिलं नाही. राज्यभर तलाठ्यांनी सरकारी ग्रुप सोडले आणि डीएससी तहसीलला नेऊन जमा केल्या. कोट्यवधींचे सर्व्हर चालू होते, फेरफार मात्र जागच्या जागी थांबले. लोकांनी विचारलं, एका मेसेजसाठी एवढं? मेसेज निमित्त होता. त्याच्यामागे जागून काढलेल्या रात्री होत्या आणि ‘कारणं नकोत’ हे ऐकलेली वर्षं होती.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला ई-पीक पाहणी आली. टाटा ट्रस्टच्या मदतीने ती उभी राहिली. शेतकऱ्याने स्वतः बांधीत जाऊन मोबाईलवर फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. आमच्या जुन्या पीकपेऱ्याची कहाणी सांगायलाच हवी: पटवारी कुणाच्या तरी ओसरीवर बसे, समोर चहा, आणि पेन्सिलने एका दमात सगळ्या गटांना ‘धान, धान, धान’. त्या मानाने हा प्रामाणिक कारभार. पण पहिल्या हंगामात आसगावच्या बांध्यांत जे दृश्य होतं, ते कुठल्या सादरीकरणात नाही. गुडघाभर चिखल, वर ढग, हातात पोराचा मोबाईल आणि म्हातारा ओरडतोय, “रेंज नाही जी, फोटो घेऊन काय करू?” रोवणीला आलेल्या बायका हसतायत. कॉलेजात जाणाऱ्या दोन-चार पोरांनी मग आपणहून काम वाटून घेतलं. एक मोबाईल, गल्लीतले सगळे खातेदार. कुणाचा आदेश नव्हता की मानधन नव्हतं. पुढच्या आवृत्तीत 48 तासांत स्वतः दुरुस्ती करायची सोय आली, ती अशाच गावांतून ओरड झाली म्हणून.

ज्यांना हा खेळ वाटला, त्यांना धान विकताना कळलं. आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी करायची तर सातबाऱ्यावर धानाची नोंद पाहिजे. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता, आणि राज्याची प्रोत्साहन रक्कम हेक्टरी 20,000, दोन हेक्टरपर्यंत. ही रक्कम पूर्वी क्विंटलवर मिळे, पुढे क्षेत्रावर मिळू लागली. म्हणजे 0.68 चे 0.66 झालेल्या त्या पुण्याच्या भावाचे दोन आर पैशात मोजायचे तर 400 रुपये. एकाच हंगामात.

मॅडमची बदली मुदतीआधी झाली. नोंदवही त्या कार्यालयातच ठेवून गेल्या, कपाटाच्या चावीसकट.

वाचकांना एक विनंती. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत तुमचा डिजिटल सातबारा मिळतो. तो काढा, कॅल्क्युलेटर घ्या आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. जुळली, तरी तेवढ्यावर थांबू नका. आजोबांच्या पेटीतला हस्तलिखित उतारा शेजारी ठेवून नाव न् नाव जुळवून पाहा, बहिणींची आधी. फरक दिसला तर ‘ई-हक्क’ या सरकारी पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करा आणि सोबत जुन्या फेरफाराचा क्रमांक जोडा. जुना उतारा हरवला असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागता येते. दिवाळीच्या साफसफाईत ते पिवळे कागद फेकू नका.